शेवटची गाडी

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने फाटक लावायचं,
पाटीवर तसं लिहिलंय, आणि पाटी मीच रंगवली.
त्याआधी मोजायच्या पार्किंगमधल्या गाड्या.
आज उरलीय एक. ओटिलीची, निळी, गंजलेली,
टपावर दोन रिकामे पट्टे लोंबताहेत.

एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली
कॅल्डर मिल्सपासून चर्चच्या चढापर्यंत.
मी मागच्या बाकावर. आरशातून दिसायचं,
दर थांब्याला तिचे ओठ हलायचे :
सतरा, अठरा,
आणि तो झोपलाय तो, एकोणीस.

आता गुडघा नवा आहे, कयाक जुनी.
जलाशयात मोटारबोटीला बंदी, पोहायला बंदी,
मोठ्याने हसायला नाही, तरी कुणी हसत नाही.
हेमलॉकच्या सावल्या काठापासून आत सरकत येतात
आणि ती वल्हं मांडीवर आडवं टाकून बसून राहते
बदकीण पिलं घेऊन लव्हाळ्यातून निघेपर्यंत.

काल म्हणाली, नऊ. परवा दहा होती.
कासवाने ओढलं असेल, मी म्हटलं.
ती बोलली नाही. मोजे पिळत राहिली,
पाणी संपलं तरी.

अंधारून आलंय. साखळी हाताला गार लागते.
बांधाच्या वळणापलीकडे वल्ह्याचा आवाज,
थांबतो. पुन्हा येतो.
नियमाने आता भोंगा वाजवायला हवा.

मी ट्रक वळवून घेतो, पाण्याकडे तोंड करून,
दिवे लावतो,
आणि माझेच ओठ हलतात :
एक यायचीय अजून.