घनता : एक अष्टमांश

उलवे, सेक्टर एकोणीस, पाचवा मजला.
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
संगणक रात्रभर धापा टाकतोय :
सोळा गुणिले सोळा घरांची जाळी
आणि तीवर बत्तीस बोसॉन.

हे कण मुळात मिळूनमिसळून राहणारे,
एका घरात कितीही मावतील.
मीच त्यांच्यात लांब पल्ल्याचं वैर घातलंय.
शेजारी नको, शेजाऱ्याचा शेजारीही नको.
उडी मारायची मुभा ठेवलीय, थोडी.

उडी महाग केली की थिजतात,
आठ घरांमागे एक, मोजून.
स्वस्त केली की जाळीभर सांडतात,
कोण कुठे हे विचारायची सोय राहत नाही.
मला हवीय ती मधली अवस्था :
नक्षी जागची हलत नाही
आणि तिच्यातूनच काहीतरी वाहत असतं, न अडखळता.
गाईड म्हणतात, इथे नसणार.
मी तीन आठवडे म्हणतेय, असेल.

बाबा चहा घेऊन आले, पडद्यापाशीच थांबले.
"यो मिठागर हाय गो?"
चौकोन, बांध, पांढरे ठिपके.
तसंच समजा, म्हटलं.
"मंग ठिपकं यवडंच कसं?"
साडेबारा टक्के, मी म्हणाले
आणि जीभ चावली.

ते हसले नाहीत.
"आठातला येक. बाकीचं सात कुनी नेलं?"

कुणी नेले नाहीत, ते रिकामे आहेत,
रिकामे आहेत म्हणूनच नक्षी टिकून आहे,
हे सगळं तोंडात आलं होतं.
खाली, आमच्या मिठागराच्या जागी, गाड्या उभ्या होत्या
एका चौकटीत एक, नंबर रंगवलेला,
एकीला हलायचं तर सगळ्यांना उठवावं लागेल.

ते उघाडीबद्दल बोलू लागले.
भरतीचं किती घ्यायचं, फळी कधी पाडायची.
तळाला खडे धरलेले असायचे
आणि वरचं पाणी वाऱ्याने सरकतच असायचं,
डोळ्यांना कळायचं नाही, घोट्यांना कळायचं.
"तवा हात नाय लावायचा."

कप घेऊन गेले. पावणेचार.
मी गणित थांबवलं,
एक कण वाढवला. तेहेतिसावा.
बत्तिसांची घरं ठरलेली,
याला प्लॉट नाही.

पुन्हा सुरू केलं. चार टक्के.
हात लावत नाहीये.