धुऱ्यावरची चिंधी

मोहप्याच्या अलीकडे, डांबर संपतं तिथे
आमची अंगणवाडी आणि ठवकरांची संत्र्याची बाग
यांच्यामध्ये एक धुरा आहे.
धुऱ्यावर तरोटा, दोन बोरी,
बाकी सगळी हवा.

हवेचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो
हे मला खिचडीच्या गंजानं शिकवलं.
झाकण काढलं तर वाफेआधी
नाकात शिरला तो वास,
सडका लसूण आणि रॉकेल यांच्या मधला.
वच्छलाबाईनं पदरानं डोळे पुसले,
म्हणाली, कांदा लागला.
त्या दिवशी खिचडीत कांदा नव्हता.

रजिस्टरात लिहिलं: उपस्थित चौदा.
डोळ्यांत पाणी: नऊ. उलटी: एक.
त्याला रकाना नव्हता,
मी समासात लिहिलं.
गंज पालथा घातला, माती टाकली,
कुत्र्यांनाही हाकललं तिथून.
त्याच आठवड्यात बोरीवरच्या मधमाश्या
उडायचं सोडून जमिनीवर चालू लागल्या.
मुलांना गंमत वाटली.

ट्रॅक्टरमागचा तो मोठा पंखा
कोळशीसाठी धुकं फेकतो झाडात.
पानाच्या पाठीपर्यंत पोचायला हवं म्हणून बारीक,
इतकं बारीक की त्याला पडायचं कसं
तेच आठवत नाही.
जाड थेंब घरी जातो.
बारीक थेंब गाव फिरतो.

भांडायला गेले ठवकरांशी,
भेटला सोमाजी उईके, पंखा चालवणारा.
नाकातोंडावर दुपट्टा, वर पिवळट डोळे.
म्हणाला, "बाई, मले काय सांगता?
मी त्या ढगातच नोकरी करतो.
घरी गेलो का बायको माहे कपडे
काडीनं उचलते.
पोरगी म्हणते, आंघोळ कर, मंग हात लाव."

माझ्याजवळ भांडणाची दहा वाक्यं तयार होती.
ती मी परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या पातळाचा लाल काठ
त्यानं बांबूला बांधला, बांबू धुऱ्यात रोवला.
काठ तुमच्याकडून माझ्याकडे हलला, तर फवारा.
माझ्याकडून तुमच्याकडे, तर नाही.
आणि नुसता लोंबकळला तरी नाही, बाई,
पहाटे हवा मेल्यावानी पडली असते ना,
तेव्हा धुकं वर जात नाही, आडवंच तरंगते,
कुठं जाईल त्याचा नेम नाही.
धुऱ्याकडच्या दोन ओळींत
तुमच्या बाजूचे नोझल बंद.
आदल्या सांजेला एक मिस कॉल.
त्याचा अर्थ: खिडक्या लावा,
पाण्याचा माठ आत घ्या.

कार्तिकातला मंगळवार. मिस कॉल येऊन गेलेला.
मी खिडकीआडून पाहत होते,
हातात वजनकाटा, काट्यात तन्वेश.
साडेआठला काठ दचकला,
गोल फिरला,
आणि माझ्याकडे बोट दाखवून ताठ उभा राहिला.

पंखा थांबला.
अर्धी टाकी भरलेली.
त्याला टाकीमागे पैसे मिळतात, दिवसामागे नाही.
फोन आला असावा, कारण तो ओरडून बोलत होता:
"हवा पलटली, शेठ.
नाही. हवा मी नाही पलटवली."
मग जांभळीखाली जाऊन बसला
चार वाजेपर्यंत.
काठ नाही वळला.

तन्वेशचं वजन बारा किलो सहाशे.
ते रकान्यात लिहिलं.

परवा कळमेश्वरच्या कृषी केंद्रात गेले.
म्हटलं, फवारणीचा मास्क दाखवा,
कापडी नको, डब्यावाला.
दुकानदार म्हणाला, घरच्यासाठी का?
मी हाओ म्हटलं.
त्यानं तीन मास्क काउंटरवर मांडले,
लहान, मध्यम, मोठा.
घट्ट बसला पाहिजे म्हणे, नाहीतर उपयोग नाही.
चेहरा कसा आहे?

मी उभी राहिले.
दुपट्ट्याशिवाय मी त्याला
कधी पाहिलंच नव्हतं.