तीर्थाचा हात

देवळालीच्या एका बंगल्यातून अकरा फ्रेमा आल्या,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, काचा धुरकट.
टेम्पोवाला म्हणाला, "साहेब लोक आहेत, जपून उतरवा."

दुकानाच्या ओट्यावर मी त्यांना ओळीनं उभं केलं.
लंडनच्या कुठल्याशा साप्ताहिकाची पानं, शंभरावर वर्षं झालेली:
एक न्यायाधीश, बहुतेक सगळा हनुवटीच;
एक पाद्री, मिटलेल्या छत्रीइतका बारीक;
शर्यतीच्या नादातला एक लॉर्ड,
ज्याला आता घोड्यापासून वेगळं काढणं अवघड.
डोकी भोपळ्याएवढी, बूट बाहुलीचे.
खाली एखादा शब्द. कोपऱ्यात मुंगीएवढी सही.

भद्रकालीतून भाजी घेऊन निघालेल्या दोघी थांबल्या.
एक म्हणाली, "अगं, हा तर आमच्या सोसायटीचा चेअरमन."

अकराव्या फ्रेमचे खिळे काढले
तर न्यायाधीशाच्या पाठीशी आणखी एक जण निघाला.
जाड देशी कागद, खळीचा वास अजून होता.
पगडी, उपरणं, पायात विलायती बूट,
आणि मागच्या बाजूला मोडीत चार ओळी.
त्या सरोदे गुरुजींनी भिंगाखाली धरून वाचल्या:
"रावबहादूर नीळकंठराव क्षेमकल्याणी.
त्यांचेच सांगण्यावरून काढिले.
पैसे पावले नाहीत.
बहिरू जिनगर."

पुढचं मला कोणी सांगितलेलं नाही.
लाकूड तासता तासता जुळवलं आहे.

रावबहादूर त्या साप्ताहिकाचे वर्गणीदार असणार.
बोटीनं मुंबई, रेल्वेनं नाशिकरोड,
तिथून टांग्यानं, महिन्याचा शिळा अंक.
त्यांना एक गोष्ट कळली होती:
तिकडे हसं व्हायलाही आधी मोठं व्हावं लागतं.
ज्याचं नाक त्या पानावर वाढलं, तो पोहोचला.
दोनदा फोटो पाठवला असेल, रजिस्टर डाकेनं.
उत्तरादाखल वर्गणीची पावती.

मग तांबट आळीतून बहिरूला बोलावणं.
"असं काढ. डोकं मोठं, पाय लहान.
नाक तर चांगलं हातभर कर."
बहिरू देवळांच्या भिंती रंगवणारा,
कुंचल्यात खारीचे केस.
म्हणाला असेल, "सरकार, नाकाला हात नाही लावणार.
या गावात एकदा झालं तेवढं पुरे.
दुसरं काही वाढवू का?"

आणि त्यानं काहीच वाढवलं नाही.
नाक नाकाएवढं, पोट पोटाएवढं.
उजव्या हातात म्युनिसिपालिटीची चांदीच्या मुठीची काठी.
डावा मात्र पाठीमागे,
तळवा वर, बोटं किंचित आत वळलेली,
तीर्थ घेताना करतो तशी खोलगट ओंजळ.
तीर्थ डाव्या हातावर कोणी घेत नाही, हे
गंगेवरच्या पोरालाही ठाऊक.
सिंहस्थाचं साल. घाटाच्या फरशांचा ठेका.
पायाशी एक फरशी काढली आहे, मधोमध तडकलेली.

बैठकीत चित्र आलं तेव्हा सगळे हसले असतील,
रावबहादूर सगळ्यांत मोठ्यानं.
हात कोणाला आधी दिसला, देव जाणे.
एक माणूस हसता हसता थांबला असेल,
त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं असेल.
नंतर कधीतरी, दार लावून,
रावबहादुरांनी स्वतः खिळे काढले,
आणि आपल्यावर एक न्यायाधीश बसवला.

खिळे वेडेवाकडे होते. सुताराचे नव्हते ते.

मी बंगल्यावर फोन केला.
"फ्रेमा अकरा, चित्रं बारा आहेत. काय करू?"
पणतू असावेत. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"अकराच," ते म्हणाले. "त्यातले सगळे इंग्रजच आहेत ना?"

मी काच पुसली, न्यायाधीशाला पुन्हा जागेवर ठेवलं,
मागं रावबहादूर, आता आम्लविरहित कागदात.
तीन कोपऱ्यांत खिळे ठोकले, चौथा नुसता टेकवला.

बिल अकराचं झालं.
बाराव्याचे पैसे
अजून कोणी दिलेले नाहीत.