बाराशे ग्रॅम

डॉक्टर बिराजदार म्हणाले, काय अपेक्षा आहे तुमची?
मी म्हटलं, मे महिन्यात घामोळं नको.
ते हसले नाहीत. कागदावर लिहून घेतलं.

अर्धंच खरं होतं ते.
तीन सिझेरियननंतर पोटाची जी घडी लोंबत राहिली
तिच्याखाली सोलापूरचा उन्हाळा मुक्कामाला यायचा.
पावडर, खोबरेल, कडुलिंबाचं पाणी, सगळं करून झालं.
आणि उरलेलं अर्धं असं, की
लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी कुणाचं तरी मूल
कडेवर घेऊन उभी आहे, पुढून झाकायला.
आता मुलंही मोठी झाली सगळ्यांची.

नातेवाइकांना सांगितलं, हर्निया.
भिशी लागली तेव्हा व्यंकटेशला वाटलं, फ्रिज येणार.

डॉक्टरांनी उभं करून पोटावर रेघा मारल्या,
जांभळ्या पेनानं.
मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे.
एकोणीस वर्षं खडूनं खुणा करतेय,
इथं धागा सुटला, इथं तेलाचा डाग,
हा सेकंडच्या गठ्ठ्यात.
पहिल्यांदाच कुणी माझ्यावर खूण करत होतं
आणि उगीच विचारावंसं वाटलं,
मी फर्स्टमध्ये जाईन ना?

त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं.
दोन नळ्या असतील, बाटलीत तांबूस पाणी उतरेल,
रोज मोजायचं.
पट्टा सहा आठवडे, झोपेतसुद्धा.
शिंक आली की उशी पोटाशी धरायची.
गुडघ्याखाली लोड. उताणंच झोपायचं.
घागर उचलायची नाही, नातवंड असलं तरी नाही.
बेंबी तुमचीच राहील, फक्त तिचं दार नवीन.
व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत,
पण साडीच्या निऱ्यांखाली.
काही दिवस वाकून चालाल.

शुद्धीवर आले तेव्हा तोंड चामड्यासारखं,
आणि नर्स सहज म्हणाली, बाराशे ग्रॅम निघालं.
गुंगीतही हिशेब केला मी,
सहाशेचे दोन बाथ टॉवेल, एक्स्पोर्टचे.
कुठं गेले? पिवळ्या पिशवीत, म्हणाली.
एवढी वर्षं सांभाळलेलं, निरोपसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी चालवलं.
अम्मा आली होती कुंभारीहून, डब्यात आमटी घेऊन.
चाळीस वर्षं सुपावर वाकून विड्या वळल्या तिनं,
दिवसाला हजार,
सूप सुटलं, पाठ तशीच राहिली.
मी भिंत धरून, नळ्या हातात घेऊन,
कंबरेत मोडलेली,
आणि शेजारी ती, कंबरेत मोडलेली.
मेल्लगा, म्हणत होती, मेल्लगा.
वॉर्डाच्या काचेत दोघी दिसलो.
क्षणभर कळेना, कुणाला कोण चालवतंय.
हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

रोज थोडी थोडी उघडत गेले मी.
पंधराव्या दिवशी स्वयंपाकघरात ताठ उभी राहिले,
वरच्या फळीवरचा शेंगाचटणीचा डबा हाताला लागला.
अम्मा खालून बघत होती.
काही बोलली नाही. डबा मागून घेतला,
चटणी वाढली, स्वतःच्या ताटात जरा जास्तच.

संध्याकाळी म्हणाली, दाखव.
पट्टा सोडला. ट्यूबलाइटखाली उभी राहिले.
तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बेंबीकडे पाहिलं.
ही तीच का गं? सुईणीनं माझ्यासमोर कापली होती, तीच?
तीच, म्हटलं. जागेवरच ठेवलीय.
मग तिनं बोट लावलं,
तंबाखूनं पिवळं पडलेलं, कात्रीच्या घट्ट्याचं बोट,
बेंबीवर लावलं ते कळलं,
आणि खाली सरकत गेलं ते नाही.
टाक्यांच्या रेघेपर्यंत ती हात फिरवत होती.
मी मान खाली घालून बघत होते,
बघत होते म्हणून माहीत.