पंखा बंद

पंखा बंद केला की गोष्ट सुरू होते.
शब्बाथशाळेचा जुना नियम,
कारण आमची चित्रं टॉवेलवर चिकटतात:
एमआयडीसीतल्या मागाचा, विणीत चूक निघालेला टॉवेल,
सुवार्ताच्या बाबांनी दिलेला,
फळीवर ताणून ठोकलेला.

सोलापूर. मे.
भिंतीला कुणी पाठ टेकवत नाही.
अकरा मुलं, मी,
आणि कागदाचा जक्कय,
पाठीला पॉलिशपेपरचा तुकडा.

"मावशी, गोष्ट नको, पंखा हवा,"
अब्नेर म्हणतो.
हात वर करून मतदान. नऊ विरुद्ध दोन.
जक्कय उंबरावरून उडतो
तो थेट दारातल्या चपलांत.

दारात एलदाद.
याच टॉवेलसमोर वाढलेला,
आता बारावी नापास,
तरुण संघात फिरकत नाही,
पाळकसाहेब दिसले की गल्ली बदलतो.
धाकटीला न्यायला येतो फक्त,
गाडी चालूच ठेवून.

त्यानं चपलांतून जक्कय उचलला.
फुंकर मारली.
"इथंच ना?"
वरच्या फांदीवर लावला,
अंगठ्यानं दाबून उभा राहिला.

पंखा फिरत होता.
मी बुटक्या माणसाची गोष्ट सांगू लागले,
नेहमीपेक्षा लांबवून:
यरीहोची धूळ, जकातीचे पैसे,
गर्दीतल्या लोकांच्या उंच उंच पाठी.
एलदादचा हात अवघडला असणार.
बदलला नाही त्यानं.
बाहेर गाडी पेट्रोल जाळत फटफटत होती.

"खाली उतर" या शब्दांपाशी आले
आणि थांबले.
मुलं वाट बघत होती.
मला ते इतक्यात म्हणवेना.