ओला टॉवेल

बाटलीत दुधासारखं दिसतं, पण दूध नाही.
कणांचं पाणी आहे. एकेक कण इतका बारीक
की तळाशी बसायचंही त्याला सुचत नाही,
महिनाभर नुसता तरंगतो.

त्यात सच्छिद्र पांढरी चकती बुडवायची,
दहा मोजायचे, सरळ वर काढायची.
काचेवर श्वास उमटतो
तेवढाच थर मागे राहतो.
हे बियाणं. यातून झिओलाइट वाढेल,
स्फटिकाला स्फटिक भिडून, फट न ठेवता.
असं पुस्तकात.

इथे एप्रिल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश.
चकती बघता बघता सुकते
आणि सूक्ष्मदर्शकाखाली भेगा,
आटलेल्या एकरुखच्या तळासारख्या.
अकरा चकत्या. अकरा वेळा.

बालय्या म्हंता आमच्याकडे काचसामान धुतात.
त्याआधी बत्तीस वर्षं साखर पेठेत
सुताला खळ लावायचे.
अकराव्या चकतीला त्यांनी डोळा लावला.
"खळ तडकली की, म्याडम.
आमची आई उन्हाळ्यात ताण्याखाली ओली पोती टाकायची.
सूत सुकायचं,
पण सुकतंय हे त्याला कळायचं नाही."

मी केशाकर्षणाबद्दल काहीतरी बोलले.
तोवर ते टॉवेल पिळून घेऊन आले होते.

बारावी चकती रात्रभर त्या ओलसर काळोखात.
मग पोलादी भांडं, घट्ट झाकण, शंभर अंश,
आणि आपण बाहेर.
(कुंभारीला विहीर खणताना
काळ्या पाषाणाच्या पोकळीत मामाला
असेच पांढरे खडे मिळाले होते.
तिथे घड्याळ लावून कोण बसलं असेल?)

मंगळवारी एका बाजूला कारखान्याचं स्पिरिट ओतलं,
थोडं पाणी असलेलं.
पलीकडे पंप, गारठवलेली नळी.
दुपारी नळीत बर्फ धरला.
वितळवून वास घेतला. वास नाही.

"म्हणजे पाणी जातं, दारू अडकते?"
"हो. भोकंच तेवढी आहेत."
बालय्या हसले. मग म्हणाले,
"असली चाळणी असते हे
आमच्या धाकट्याला कुणी सांगितलं नाही बघा."
आणि बीकर विसळायला लागले,
आधीच विसळलेला.

तेरावी पुन्हा तडकली.
रात्री गरम वारा सुटला होता,
टॉवेल पहाटेआधीच वाळला.
नोंदवहीत तापमानाखाली मी लिहिलं:
टॉवेल दोनदा भिजवणे. दुसऱ्यांदा तीन वाजता.
आणि कंसात, कोण येणार?
खाली बालय्यांची सही, तेलुगूत.