डेडस्टॉक

ओळखपत्रावर छापलं होतं : निवासी कलाकार, काष्ठकाम, बारा आठवडे.
फाटकावरच्या रखवालदारानं ते उन्हात तिरपं धरलं.
'निवासी म्हणजे कोणत्या हॉस्टेलला?'

पाषाणच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी
विद्यापीठाच्या हस्तकला शाळेची लांबुळकी पत्र्याची शेड.
आत सहा बाकं, एक जर्मन करवतयंत्र, ते बंद,
आणि विश्राम पांचाळ,
कागदोपत्री प्रयोगशाळा सहायक,
सकाळी साडेआठला रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून
मुलांच्या पटाश्यांना धार लावत.

'घरात सुतार कोण?'
'कोणी नाही. वडील पोस्टात होते.'
त्यांनी पटाशी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.
'मग हात कुठनं आणला?'
मुलाखतीत हे कोणी विचारलं नव्हतं.

मला साग मिळणार होता, अर्जात तसा रकानाच होता.
मी मागितलं टेकडीवरचं गिरिपुष्प,
छाटून रचलेलं, सरपणाच्या भावाचं.
फेब्रुवारीत गुलाबी होतं तेव्हा जो तो फोटो काढतो,
मार्चनंतर त्याला कोणी ओळख देत नाही.
विभागप्रमुख म्हणाल्या, 'संकल्पना म्हणून छानच.'
विश्राम म्हणाले, 'आमच्यात उंदीरमारी म्हणतात.'
आणि दोन ओंडके खांद्यावर घेऊन आले.

पिळाचं लाकूड. रेषा अर्ध्यात फिरायची,
रंधा अडखळायचा, ढलपी उडायची.
ओवैस बागवान, दुसरं वर्ष, घामाघूम :
'मॅडम, हे ऐकतच नाही.'
'ऐकंल कसं,' कोपऱ्यातून विश्राम,
'तू त्याच्या पाठीमागनं बोलतोयस.'

प्रस्तावात मी लिहिलं होतं 'नगराची स्मृती : एक काष्ठशिल्प'.
सात आठवडे त्याची रेखाटनं केली. बरी होती.
आठव्यात, ते चहाला गेले असताना
मी रंगाच्या डब्याची उंची मोजली.
तेरा इंच, तीन सूत.

मग खाचा, कुसवं, पाचर.
ना खिळा, ना स्क्रू.
भुश्याला किंचित बदामाचा वास,
नाकातला भुसा रात्री उशीवर.
वडील पत्रांवर शिक्के मारायचे
तसा एका लयीत माझा मोगर पडत होता,
हे मला फार उशिरा ऐकू आलं.

विश्राम त्यावर एकदाच बसले.
डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले.
'सूतभर डुगडुगतंय.'
मी खाली वाकले, करवत घेतली.
'थांबा. तीन पायांचं केलं असतं तर डुगडुगलं नसतं,
चौथा पाय तुमच्या हौसेचा.
पण पायात खोट नाय.'
चपलेनं त्यांनी जमीन दाखवली.
'फरशी विद्यापीठाची हाय.'

प्रदर्शनात त्याला पांढरा चौथरा मिळाला,
'कृपया बसू नये' अशी पाटी,
आणि एका काकूंचा प्रश्न,
लक्ष्मी रोडला असलं केवढ्याला मिळेल.
विश्राम त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले,
दुरून बघून
धार लावायला परत गेले.

दुसऱ्या दिवशी लेखा विभागाचा मुलगा पिवळा रंग घेऊन आला.
जी वस्तू विद्यापीठात तयार होते
ती डेडस्टॉक रजिस्टरला चढते.
बैठकीच्या खाली, माझं नाव कोरलं नव्हतं तिथे,
ह.शा./का./११७.
मग गोदाम, कुलूप, किल्ली रजेवरच्या माणसाकडे.
मी दोन अर्ज केले. दुसऱ्याची पोच मिळाली.

ओळखपत्र परत करायला गेले तेव्हा
विश्राम डब्यावरच बसले होते.
मला बघून उठले नाहीत, फक्त थोडे सरकले,
जणू त्या डब्यावर दोघांची जागा आहे.

आता एप्रिल आहे.
फाटकावरच्या रखवालदारानं परवा ओवैसला सांगितलं,
ओवैसनं मला :
रात्री दोनच्या सुमारास, हवा जरा पडली की
बंद गोदामात
कोणीतरी बोटं मोडतं.